पान ऐंशी

४ मे
नव्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत एकच पुस्तक वाचायचं आणि विद्यापीठ उघडल्यावर त्यावर एकत्र चर्चा करायची, ही योजना माझी. समितीचा अध्यक्ष मीच. हल्लीच्या पोरांना वाचनाचं नाव काढलं की जांभई येते आणि मला त्यांची शिसारी येते. पुस्तकही मीच निवडलं. एका नावाड्याची आणि त्याच्या मुलीची गोष्ट. मागच्या कव्हरवरून उत्तम वाटते.

५ मे
छापखान्याने नमुना प्रत पाठवली. पान न पान तपासून सही करायची होती. कव्हर गुळगुळीत, वास छान. सही केली. नऊशे छापा म्हटलं.
संकल्प: रोज वीस पानं.

२६ मे, सकाळ
पान नऊ. चष्म्याचा नंबर वाढला असावा.
कन्याही यंदा याच विद्यापीठात येतेय. तिला प्रत मिळाली आणि दोन दिवसांत वाचून झाली म्हणे. असं गिळणं म्हणजे वाचन नव्हे. काहीतरी सांगायला आली होती. मी हात वर केला. माझं वाचून होईपर्यंत या पुस्तकाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही, रसभंग होतो. बायको म्हणाली, मग जन्मभर गप्प बसावं लागेल. हिला साहित्यातलं ओ की ठो कळत नाही.

२ जून
एका विद्यार्थ्याचा ईमेल. म्हणे पान ऐंशीनंतर पुन्हा पासष्ट ते ऐंशी, मग एकदम सत्त्याण्णव. काय एकेक सबबी! वाचायचं नाही म्हणून पानंच गायब.

९ जून
तशाच तक्रारी एकशे बारा. सगळ्यांचे आकडे तेच, म्हणजे उघड कॉपी. किळस आली. सर्वांना एकच उत्तर धाडलं: पुनरुक्ती ही लेखिकेची शैली आहे. जे लिहिलेलं नाही तेही वाचायला शिका.
वाक्य मलाच फार आवडलं.

२१ जून
पान अकरा. ग्रंथपाल प्रत उघडून काही दाखवायला आले होते. माझ्याकडे घरी आहे, असं सांगून वाटेला लावलं. संध्याकाळी कन्येने माझी प्रत मागून घेतली. स्वतःची आहे तरी! परत देताना एवढंच म्हणाली, बाबा, लवकर वाचा. आता ही मला शिकवणार.

१४ जुलै
उद्या चर्चा. लेखिकाबाई स्वतः येणार, कुलगुरू पहिल्या रांगेत. पुढच्या वर्षी अध्यक्ष कोण, हे त्यावरच ठरेल. सुरुवातीलाच सांगणार, मी तीनदा वाचलंय. पान अकराच, पण पुस्तकाचा आत्मा हाती आलाय.

१५ जुलै, दुपार
लेखिकाबाईंनी विचारलं, नावाडी मुलीला सोडून जातो ते प्रकरण कसं वाटलं? नऊशे पोरं गप्प. निर्लज्ज. शेवटी मीच म्हणालो, तेच तर पुस्तकाचं काळीज. तेव्हा मागून एक मुलगी उठली. ते प्रकरण कुणाच्याच प्रतीत नाही म्हणाली आणि माझा ईमेल मोठ्याने वाचून दाखवला.
बाईंनी माझी प्रत मागून घेतली. ऐंशीव्या पानावर एक चिठ्ठी निघाली. त्यांनी ती मनात वाचली, घडी केली, माझ्या हातात ठेवली.
"तीनदा वाचलंत," त्या हळूच म्हणाल्या, "मग ही चिठ्ठी कशी राहिली?"
माईक चालू होता. सभागृह हसलं. कुलगुरू हसले नाहीत, ते जास्त वाईट. कन्या चौथ्या रांगेत होती. तीही हसली नाही, स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

१५ जुलै, संध्याकाळ
चिठ्ठी कन्येच्या अक्षरात. तारीख २१ जून.
"बाबा, बोलायला बंदी आहे म्हणून लिहितेय. इथून पुढची सोळा पानं गायब आहेत. वेळ आहे तोवर दुरुस्त करता येईल. इथपर्यंत आलात की मला हाक मारा. तुम्ही सही केली होतीत, हे मी कुणाला सांगितलेलं नाही."
आज पहिल्यांदाच माझी मलाच शिसारी आली.
कन्या स्वयंपाकघरात आहे, भांड्यांचा आवाज येतोय. ऐंशीव्या पानापर्यंत पोचल्याशिवाय तिला हाक मारायला तोंड नाही. पुस्तक घेऊन बसलोय.
पान बारा.