टेबलाखालचे पाय

मंगळवार, ता. ९

चि. थोरल्यास आईचे आशीर्वाद. सूनबाईचा खोकला गेला असेल. मी ठणठणीत आहे, तू ऐकलंस त्यावर जाऊ नकोस.

समोरच्या मास्तरणीने तुला फोन केला, "तुमच्या आई जमिनीवर पडल्यात." पडले नव्हते रे, आडवी झाले होते. तुझ्या बाबांच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या टेबलाखाली. तिला खिडकीतून नुसते पाय दिसले आणि तिने बोंब ठोकली.

आता तू लिहितोस, रविवारी सुतार आणतो, टेबल मोडू आणि तुला आमच्याकडे नेतो. जसं काही मी त्या टेबलाचा पाचवा पाय!

गाडी लांबच्या वळणावर मान टाकायची, आठवतं? बाबा दर वेळी इंजिन उघडून बसायचे. इंजिनाला काय धाड भरलीय? वीज दिलेली एकाच टोकाला, रुळांचे सांधे ढिले, वळणापर्यंत पोचेस्तोवर तिचा जीव जायचा. मी जन्मभर शिलाई केली. लांब शिवण मध्ये मध्ये टाचावी लागते, एवढं मला कळतं. टेबलाखालून दोन जाड तारा फिरवल्या आणि रुळाच्या दर तुकड्याला त्यांच्यातून बारीक तारांची जोडी दिली. बाबांनी सगळ्या तारा काळ्याच आणलेल्या. उलटसुलट लागल्या की ठिणगी! म्हणून आतल्या रुळाच्या तारांना लाल दोरा बांधला. तारांना कथिलाचा डाख देताना हाताला तीन चटके बसले, ते सूनबाईला सांगू नकोस.

काल वळणाची शेवटची जोडी लावली. गाडी वळणावरून न थांबता गेली. बारा फेऱ्या. बाबा असताना मी पोरखेळ म्हणून हसायचे. काल हसले नाही.

बरं, लिहूनच टाकते. त्या दिवशी काम पाऊण तासात झालं होतं. मास्तरणीने पाहिलं तेव्हा दोन तास झाले होते. उठता येत नव्हतं. तिने दार वाजवलं तर "काम चालू आहे" म्हणून ओरडले. हाक मारली असती तर तू टेबल मोडलं असतंस. शेवटी टेबलाचा पाय धरून उठले. त्याच पायाला आता दाराची मूठ ठोकलीय. तीनदा आडवी होऊन उठून पाहिलं. उठता येतं.

मी येणार नाही. तू ये. सुताराला त्याच्या घरी राहू दे, येताना लाल तार आण. भिंतीकडचा फाटा अजून विजेवाचून कोरडा आहे आणि तिथं माझा हात पोचत नाही.

पाय दिसले तर ओढू नकोस. उठता आलं नाही तर या वेळी हाक मारीन.

आपल्याच घरात राहणारी,
तुझी आई