आपल्या विहिरीवरची ओंजळ

पेडगाव, वैशाख १९४२

तीर्थरूप दादांना माणिकचा दंडवत.

विहीर शुद्ध करून घे, न्हाईतर तुझ्या कावेरीचं लग्न जमू देणार न्हाई, असं तुमी हैदराबादेहून कळवलंत. म्हणून घडलं ते सांगतो.

गावात पाणी आटलंय. महारवाड्यातल्या बाया आपल्या मळ्यात सकाळपासून उन्हात उभ्या होत्या. कुणीतरी पाणी शेंदून वरून घागरीत ओतावं, म्हणून वाट बघायल्या होत्या. कावेरीच्या आईनं पोहऱ्याचा दोर सरळ त्यांच्यातल्या बायनाबाईच्या हातात दिला.

"तुमीच शेंदा."

बायनाबाईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग पोहरा वर काढून म्हणाली, "आधी तुमी प्या, मालकीणबाई. मंग आमी."

ती पारख करायलीय, हे कावेरीच्या आईला कळलं. ती खाली बसली, ओंजळ धरली अन् बायनाबाईनं वरून ओतलेलं पाणी पोटभर प्याली. दादा, आजवर तसं आपण त्यांना बसवत आलो.

मी भटजी बोलावणार न्हाई. एवढं लिहिलं खरं, पण हे पत्र टपालात टाकायचं धाडस होईना. त्या दिवशी कावेरीच्या आईमागोमाग मीही ओंजळ धरून बसलो होतो. पाणी रोजचंच होतं. माझ्या ओंजळीतून निम्मं सांडलं. त्या दोघींकडून थेंबही न्हाई.

तुमचा धाकटा,
माणिक