गांडुळाच्या कानाची चित्रकथा

३ मार्च
शास्त्रज्ञांच्या वादांवरच्या प्रबंधाला अखेर पद्धत सापडली: कॉमिक्स! मुलाखतीत शास्त्रज्ञ सभ्य होतात आणि खरा वाद हाती लागत नाही. मी वादाची चित्रं काढणार, संवादांचे फुगे रिकामे ठेवणार. ते भांडणाऱ्यांनीच भरायचे. वादही ठरला: गांडुळाला ऐकू येतं का? मिशीवाले सर म्हणतात, येतं. चष्मेवाल्या बाई म्हणतात, ती नुसती थरथर. लॅब समोरासमोर, बोलणं कित्येक वर्षं बंद.
बायको म्हणाली, अहो, रेड्यांच्या झुंजीत झाडाचा जीव जातो. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, ही म्हण तिला माहीत नसावी.

८ मार्च
चौकटी तयार. माणसं खुलावीत म्हणून दोन प्रती केल्या. सरांच्या प्रतीत बाई टिटवी. बाईंच्या प्रतीत सर बोकड. उद्या नेऊन देणार. भीती वगैरे अजिबात नाही.

९ मार्च
कॉरिडॉरपर्यंत गेलो. आत सर कुणावर तरी ओरडले. आवाज कानांआधी गुडघ्यांना जाणवला. म्हणजे बाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. महत्त्वाचं निरीक्षण! ते विसरू नये म्हणून धावत घरी आलो.

१५ मार्च
गाइड मॅडमनी बोलावलं. शुक्रवारपर्यंत दोघांचे भरलेले फुगे आले नाहीत, तर रजिस्ट्रेशन रद्द. हा तुमचा तिसरा विषय, चौथा मिळणार नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, पद्धत नाजूक आहे. त्या म्हणाल्या, पद्धत धडधाकट आहे हो, तुमचंच काळीज नाजूक आहे.
जेवण गेलं नाही. उन्हाळा लवकर आलाय.

१६ मार्च, दुपारी
तोडगा! समोरासमोर भेटलं की संशोधन दूषित होतं. पाकिटं दाराखालून सरकवली. तेवढ्यात पावलं वाजली, म्हणून जिना जरा वेगाने उतरलो.

१६ मार्च, संध्याकाळी
पाकिटांची अदलाबदल झाली. सरांना बोकड गेलाय. बाईंना टिटवी.

१७ मार्च
फोन बंद. अंगात ताप आहे. थर्मामीटर बिघडलाय, नॉर्मल दाखवतो. बायको म्हणाली, किती आत शिराल त्या पांघरुणात? तुमच्या गांडुळाला तरी एवढं जमतं का?
दाराची बेल वाजली. दूधवाला होता. मी पलंगाखालून खात्री करून घेतली.

१८ मार्च, शुक्रवार
शिपाई पाकीट घेऊन आला. चित्रं समोरच्यानेच पाठवली असं समजून दोघे एकाच वेळी भांडायला निघाले म्हणे, आणि कॉरिडॉरच्या मधोमध गाठ पडली, सरांच्या हातात बोकड, बाईंच्या हातात टिटवी. दोन्ही चित्रं एकाच तिसऱ्या हातची आहेत हे दिसलं, मग हसू आवरेना. परवापासून चहा एकत्र. काढणाऱ्याला गांडुळातलं ओ की ठो कळत नाही, यावर दोघांचं एकमत. पुढचे प्रयोगही एकत्रच करणार आहेत.
वाद मिटला. म्हणजे माझा विषयही.
फुगे मात्र सगळे भरलेत, लाल पेनाने. शेवटी दोघांनी एक चौकट आपल्या मनाने वाढवली आहे. तिच्यात मी आहे, जिन्याखाली उकिडवा बसलेला. चेहरा हुबेहूब.
तेवढा एक फुगा रिकामा ठेवलाय. तो मी भरून सोमवारी स्वतः आणून द्यायचा आहे.
दोघांच्या समोर बसून.
ताप वाढतोय.