एलरॉयच्या गोळ्या आणि मी

८ जानेवारी, रविवार
प्रार्थनेनंतर सिस्टर ओडेसानं चर्चच्या तळघरात सगळे हृदयरोगी गोळा केले. चाळीस वर्षं नर्स होती. रिटायर झाली तरी रविवारी पांढरा गणवेश आणि पांढरे हातमोजे घालूनच येते. म्हणाली, हॉस्पिटलमधून घरी आलेले आपले लोक वर्षाच्या आत गोळ्या सोडतात आणि मग मी त्यांच्या अंत्यविधीला लोकांना हातपंखे वाटत उभी राहते. कंटाळा आला मला. तर आता प्रत्येकाला एक सोबती. सोबत्यानं रोज फोन करायचा, एकच प्रश्न विचारायचा: घेतली का?

पहिला हात माझा. मी, क्लीओफस टॉलिव्हर, चर्चचा डीकन म्हणजे पास्टरांचा मदतनीस, शहर बसवर एकतीस वर्षं ड्रायव्हर. हृदयाच्या नळीत दीड वर्षापूर्वी बसवलेली स्टेंटची जाळी, रोजच्या पाच गोळ्या. अनुभव दांडगा. ओडेसा चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. आदर असावा.

मला एलरॉय गेन्स मिळाला. आमच्या गल्लीतला न्हावी. चाळीस वर्षं माझे केस कापतोय. नोव्हेंबरमध्ये हॉस्पिटलात होता, हृदय अशक्त झालंय. त्याला एकच हवंय. ईस्टरच्या आधीच्या शनिवारी दुकानात आपल्या खुर्चीमागे उभं राहायचं. त्या दिवशी अख्खा मोहल्ला केस कापून घ्यायला येतो.

संकल्प: ईस्टरला एलरॉय उभा राहणार. जबाबदारी माझी.

(माझ्या पाचातली एक, अंगातलं पाणी काढणारी लघवीची गोळी, आज घेतली नाही. डीकनला पहिल्या बाकावर बसावं लागतं. पास्टर भरात आलेले असताना उठून संडासाकडे जाणं बरं दिसत नाही. रविवार अपवाद.)

९ जानेवारी, सोमवार, सकाळी ७.००
पहिला फोन. घेतली का? म्हणाला, घेतली बाबा, घेतली. त्याचा डॉक्टरवर भरवसा नाही. तो पोरगा कॉम्प्युटरकडे बघत बोलतो, म्हणे, तू निदान माझ्याकडे बघून बोलतोस. फोनवर कसा बघणार? पण भावना पोचली. ओडेसानं दिलेल्या तक्त्यावर बरोबरची खूण.

११ जानेवारी, बुधवार
संध्याकाळी बायबलचा वर्ग. लघवीची गोळी नाही. बुधवारही अपवाद.

१६ जानेवारी, सोमवार
सुट्टी. नागरी हक्कांचे पुढारी किंग यांच्या स्मृतीचा मोर्चा. डीकननं मोर्चा सोडून झुडूप शोधत हिंडणं शोभत नाही. अपवाद. मी एकतीस वर्षं बस चालवली, वाटेत एकदाही या कामासाठी थांबवली नाही. लोकांना माहीत आहे ते.

एलरॉयनं घेतली. पायाची सूज उतरली, बूट पुन्हा चढतायत. माझं कसं चाललंय विचारत होता. म्हटलं, माझी काळजी नको.

२३ जानेवारी, सोमवार
विचार केला. पाचातली एक गोळी अधूनमधून चुकवायची आणि चार नेमानं घ्यायच्या, यात शिस्त नाही. त्यातली छोटी पांढरी घेतली की दुपारी डोळे मिटतात. तपासणीला एप्रिलपर्यंत वेळ आहे. तोवर पाचही बंद, म्हणजे नेमकं कळेल कशाचा काय परिणाम.

बायको, व्हर्लीन, आठवड्याचा डबा भरून ठेवते. मी रोज सकाळी एकेक कप्पा गॅरेजमधल्या खिळ्यांच्या डब्यात रिकामा करतो. फेकत नाही. औषध फेकणं पाप आहे.

५ फेब्रुवारी, रविवार
हृदय-रविवार, म्हणजे हृदयाची काळजी घ्या सांगायचा दिवस. सगळं चर्च लाल कपड्यांत. व्हर्लीनची लाल टोपी इतकी मोठी की मागच्या दोन रांगांना पास्टर दिसले नाहीत. मला तीन मिनिटं साक्ष द्यायची होती, देवानं आपल्याला कसं तारलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. कागदावर लिहून नेलं होतं: डॉक्टरांचं ऐका, गोळ्या वेळेवर घ्या.

सुरुवात चांगली झाली. म्हटलं, दीड वर्षापूर्वी मी स्ट्रेचरवर होतो. लोक म्हणाले, सांगा डीकन, सांगा! म्हटलं, डॉक्टरांनी पाच गोळ्या दिल्या. हो, दिल्या! तेवढ्यात आमच्या वादकानं, थॅडियसनं, खालून हळूच ऑर्गन सुरू केला. हे त्यानं करायला नको होतं. ऑर्गन चढत गेला, तसा मीही. म्हटलं, आणि आज! आज! काय आज, डीकन? म्हटलं, आज चाळीस दिवस झाले, एक गोळी नाही आणि बघा मी उभा आहे!

अख्खं चर्च उभं. मिस हॅटी वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी मधल्या वाटेवरून धावली. खरे दिवस तेराच, पण बायबलमध्ये सगळं चाळीस दिवसांचं, चर्चमध्ये चाळीसच शोभतात. पुढे सांगणार होतो की हे सगळ्यांसाठी नाही, पण त्या गजरात कोणाला ऐकू येणार? एलरॉय तिसऱ्या रांगेत हात वर करून रडत होता.

ओडेसा तेवढी बसून होती. तिचे गुडघे दुखतात.

६ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ७.००
एलरॉय खुशीत. काय साक्ष दिलीस रे, म्हणाला, रात्रभर तेच डोक्यात. विचारलं, घेतली का? म्हणाला, आज सकाळ फार सुंदर आहे, डीकन. खूण केली.

१४ फेब्रुवारी, मंगळवार
एलरॉय आता घरात सपाता घालतो, बूट नको म्हणाला. आराम करायला शिकला, चांगलं आहे. फोनवर धापा टाकत होता, म्हणजे व्यायाम सुरू केलेला दिसतो. झोपतो आरामखुर्चीत, आडवं पडवत नाही म्हणे. माझा फोन चुकू नये म्हणून असणार. खूण.

२१ फेब्रुवारी, मंगळवार
ओडेसानं तक्ता मागितला. म्हणाली, या सगळ्या खुणा एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसतात. म्हटलं, सातत्य म्हणतात त्याला. मग म्हणाली, पँट वर कर. चर्चच्या स्वयंपाकघरात, दोन बायका मक्याचा पाव कापत असताना! नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. ती घड्याळाकडे बघत राहिली, खड्डा भरेना. म्हटलं, मोजे घट्ट आहेत. म्हणाली, क्लीओफस, तू कोणाला फसवतोयस? या बाईच्या बोलण्याला कसली रीतच नाही.

उद्यापासून पाचही सुरू. नाहीतर सोमवारपासून. आठवड्याच्या मध्ये सुरू केलं की डब्याचा हिशेब चुकतो.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार
७.०० फोन. उचलला नाही. ७.१० नाही. फिरायला गेला असावा. तक्त्यावर लिहिलं: बाहेर, बहुधा घेतली.

९.३० एलरॉयच्या मुलीचा, रनीटाचा फोन. पहाटे ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. छातीत पाणी भरलं होतं, बुडणाऱ्या माणसासारखा श्वास घेत होता. स्वयंपाकघरात गोळ्यांच्या बाटल्या सापडल्या, तीन आठवड्यांच्या गोळ्या तशाच.

तीन आठवडे. मी कॅलेंडर काढून बघितलं. मग पुन्हा भिंतीवर टांगून ठेवलं.

२५ फेब्रुवारी, शनिवार
हॉस्पिटल. रनीटानं मला मिठी मारली. म्हणाली, डीकन, तुम्ही रोज फोन केलात, सख्ख्या भावानं केलं नसतं. मी म्हटलं, कर्तव्य आहे. हे शब्द माझ्या तोंडून निघाले, ते मी ऐकले.

एलरॉयच्या नाकात नळी. दमत दमत म्हणाला, तुला देवानं बरं केलं, मला नाही केलं. माझीच श्रद्धा कमी पडली. म्हणाला, तुझ्यात काहीतरी आहे, क्लीओफस, माझ्यात नाही.

खोलीत आम्ही दोघंच होतो. बोलायला चार शब्द पुरले असते. मी त्याची चादर नीट केली.

२६ फेब्रुवारी, रविवार
पास्टरनी एलरॉयसाठी प्रार्थना केली. मग मला उभं केलं. असा सोबती असावा, म्हणाले. टाळ्या. मी उभा राहून घेतल्या. व्हर्लीननं वाजवल्या नाहीत.

घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर खिळ्यांचा डबा. बाजूला भाजी, तळलेला मासा, मक्याचा पाव, रोजच्यासारखं वाढलेलं. मी ताट बाजूला सारलं. लाज वाटते. कोणी वाचणार नाही तरी इथे लिहायलाही लाज वाटते.

१ मार्च, बुधवार
डॉक्टर म्हणाले, हृदयाचा आणखी भाग गेला. जगेल. पण दिवसभर खुर्चीमागे उभं राहणं संपलं. रनीटानं दुकानाच्या काचेवर बंद असल्याची पाटी लावली.

आज सांगणार होतो. पण त्याला विश्रांतीची गरज होती. रनीटाही थकलेली होती. पार्किंगची वेळ संपत आली होती. ही कारणं लिहून काढली आणि वाचली. तीन आहेत. एकही खरं नाही.

५ मार्च, रविवार
पाचही गोळ्या घेतल्या. व्हर्लीनसमोर.

थॅडियसला आधीच सांगितलं, मी उभा राहिलो की ऑर्गनला हात लावायचा नाही. उभा राहिलो. म्हटलं, मला देवानं बरं केलेलं नाही. मी गोळ्या घेतल्या नाहीत, कारण तुमच्यासमोर उठून संडासाला जायची मला लाज वाटत होती. चाळीस दिवस हेही खोटं. एलरॉयनं माझं ऐकून बंद केल्या. अर्धं मिनिट लागलं. कोणी हो म्हटलं नाही, कोणी सांगा म्हटलं नाही. रनीटानं पर्स उचलली, कोट उचलला आणि बाहेर गेली.

मग प्रवचनात दोनदा उठावं लागलं. पहिल्या बाकावरून, मधल्या वाटेनं, सगळ्यांसमोर. कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. मिस हॅटीनं पाय बाजूला घेतले, इतकंच.

दुपारी हॉस्पिटल. रनीटानं त्याला सांगितलेलं होतं. मी दारातच उभा राहिलो. एलरॉयनं विचारलं, संडासासाठी? मी म्हटलं, हो. म्हणाला, तुझी बस रिकामी असताना मी दहा वेळा तुला पेट्रोल पंपावर संडासासाठी थांबलेला बघितलाय, मूर्खा. कोणाला काय पडलं होतं त्याचं.

हसला नाही. म्हणाला, उद्यापासून मला फोन करू नकोस.

मी विचारलं, मग सात वाजता मी काय करू?

म्हणाला, गोळी घे.