नववी आंघोळ

कोलवा, १२ मे

लाडक्या एर्मेलिना,

हे चौथं पत्र. आधीची तीन कपाटातच आहेत.

चर्चच्या हॉलमध्ये जुन्या सुट्ट्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरतंय. पाद्री म्हणाले, "ओलिंदाबाई, तुमचा किनाऱ्यावरचा फोटो द्या की!" मी म्हटलं, वाळवीने खाल्ला. पासष्टाव्या वर्षी पाद्रींना थाप मारली!

फोटो माझ्या मांडीवर आहे, त्या मे महिन्यातल्या शेवटच्या सकाळचा. खाऱ्या पाण्याच्या आंघोळी विषमच हव्यात, नाहीतर घरातलं माणूस जातं, असं मम्मा म्हणायची. त्या वर्षी नऊ ठरल्या होत्या. पावसाळ्यात पापा गेला. "आठवर कोण थांबलं?" मम्माने विचारलं, आणि मी तुझं नाव घेतलं. तू चौदाची होतीस. "बाप खाल्लास," हे तिने तुला इतकं ऐकवलं, की लिस्बनला गेलीस ती तिच्या मातीलाही आली नाहीस.

फोटोत तुझ्या झग्यातून पाणी गळतंय. माझे केस कोरडे, कुरळे. फोटोसाठी रात्रभर चिंध्या बांधून कुरळे केले होते, भिजवणार कशी?

आंघोळ चुकली म्हणून कुणी मरत नाही, कळतं गं मला. तरी आज सकाळी राहिलेली नववी घ्यायला उतरले. लाटेने पाडलं. मासेवाली ओरडली, "आजी, या वयात कोणासाठी हे?"

मला तुझं नाव घेता आलं नाही. तेव्हा किती पटकन घेतलं होतं.

तुझी कोरडी बहीण,
ओलिंदा