पाचवं मत

टॉरिंग्टन, कनेक्टिकट
१४ सप्टेंबर, रविवार

प्रिय व्हर्न,

तू बरा असशील. माझं ठीक चाललंय. रक्तदाबाची गोळी बदलून दिली आहे, त्यामुळे सकाळी थोडं गरगरतं. तुझ्या अंगणाच्या कुंपणाजवळून काल गाडीने गेलो. गवत वाढलंय. चेंडू मारणाऱ्याच्या पायाशी रोवलेल्या होम प्लेटच्या जागी तेवढा पिवळा चौकोन दिसतो. तू दारात नव्हतास, म्हणून थांबलो नाही. असतास तरी थांबलो असतो की नाही, कोण जाणे.

जुलैतल्या त्या शनिवारबद्दल लिहायचंय.

एकतीस वर्षं आपण तुझ्या अंगणात तो छिद्रांचा प्लॅस्टिकचा चेंडू बेसबॉलसारखा बडवत आलो, आणि एकतीस वर्षांत कुणी पळालं नाही. चेंडू गॅरेजपर्यंत गेला की दोन बेस, म्हणजे अर्धी फेरी; कुंपणापार गेला की होम रन, पूर्ण फेरी. मारणारा जागेवरच उभा राहणार, बेसवर त्याच्याऐवजी मानलेलं भूत पळणार. माझ्या ट्रेव्हरने आणि त्याच्या तीन मित्रांनी तो नियम बदलून खरंच पळायचा ठराव आणला, तेव्हा तू काय काय कारणं दिलीस, आठवतं? हायड्रेंजियाची झुडपं तुडवली जातील. गॅरेजची काच फुटेल. कुणाचा पाय मुरगळला तर विमा कोण देणार?

"काका, झुडपांना आम्ही जाळी लावून देतो," ट्रेव्हर म्हणाला.

"आणि काचेला?"

"काचेला फळी."

"मग विकेटसारखे खांब पण रोवा, आणि म्हणा हे क्रिकेट आहे," तू म्हणालास. कुणी हसलं नाही.

मी वाट बघत होतो की तू खरं कारण सांगशील. लिओ बुशारही वाट बघत होता, खाली मान घालून. पितळेच्या कारखान्यात प्रेस यंत्राखाली तुझा पाय गेला तेव्हा आपण सव्वीस-सत्तावीसचे होतो. त्या उन्हाळ्यात तू खेळावंस म्हणून लिओने तो भुतांचा नियम काढला, आणि तू आम्हा सगळ्यांकडून वचन घेतलंस की याचं कारण कुणापुढे बोलायचं नाही. तू बारा महिने फुल पँट घालतोस. त्या पोरांना माहीतच नव्हतं, व्हर्न. त्यांना वाटत होतं म्हातारे आळशी आहेत.

चिठ्ठ्या कॉफीच्या डब्यात टाकल्या. पोरं चार, आपण पाच. मोजणी तूच केलीस. पळायच्या बाजूने पाच निघाल्या.

सगळे गेल्यावर तू मला गाडीपाशी गाठलंस. "नॉर्म, खरं सांग. तू तर नाहीस ना?"

"मी? डोकं फिरलंय का तुझं?"

"मग लिओच. मागे म्हणाला होता, पळालं तर मजा येईल."

मी गाडीत बसलो. किल्ली लावली आणि घरी आलो.

ती चिठ्ठी माझी होती.

आदल्या आठवड्यात ट्रेव्हर म्हणाला होता, "बाबा, नियम तसाच राहणार असेल तर आम्ही चौघं दुसरीकडे खेळू." बस, एवढंच. त्याची आई बार्बरा गेल्यावर सहा वर्षं त्याने माझ्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. गेल्या उन्हाळ्यापासून शनिवारी येऊ लागला, खेळ संपला की माझ्याकडे सँडविच खायला थांबू लागला. ते जाईल अशी मला भीती वाटली. तुला तेव्हाच स्पष्ट सांगितलं असतं तर तू दोन शिव्या घातल्या असत्यास, आणि कदाचित समजूनही घेतलं असतंस. पण मी खोटं बोललो, आणि ते लिओच्या माथी जाताना बघत राहिलो.

तू प्लेट उपटून आत नेलीस, खेळ बंद केलास, लिओशी बोलणं टाकलंस. मला वाटलं, आठवडाभरात निवळेल. निवळलं नाही. ऑगस्टमध्ये लिओच्या कोलीनचं लग्न झालं. बाप्तिस्म्यापासूनची तुझी धर्मकन्या. तू आला नाहीस. चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत तुझ्या नावाची खुर्ची तिने शेवटपर्यंत उचलू दिली नाही. मी त्या खुर्चीच्या मागेच बसलो होतो. नंतर केकही खाल्ला.

काल सकाळी लिओकडे गेलो. तो गवत कापत होता. मी सांगू लागल्यावर त्याने यंत्र बंद केलं. सगळं ऐकून घेतलं. तो ओरडेल असं मला वाटलं होतं.

"लग्नाच्या आधी सांगता आलं नसतं?" एवढंच विचारलं त्याने.

 मी म्हणालो, आजच व्हर्नला फोन करतो.

"फोन नको. फोनवर तू गोड बोलून निसटशील. लिहून दे." आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. मी फाटकापर्यंत गेलो तरी त्याने वर बघितलं नाही.

दुपारी ट्रेव्हरलाही सांगितलं, तुझ्या पायाचंही. तुला दिलेलं वचन मोडलं, तेही माझ्याच खात्यावर मांड.  तो म्हणाला, "बाबा, मी खेळासाठी येत होतो असं वाटलं तुम्हाला?" मला तिथे बसवेना. अंगणात जाऊन उभा राहिलो.

नियम पुन्हा बदलूया, असं पोरं म्हणताहेत.  ते अंगण तुझं आहे, आणि तुझ्या पायाबद्दल काय बोलायचं हे ठरवणाराही तूच.

माफी मागत नाही. ती देणं-न देणं यात तू अडकून पडशील, आणि लिओ तसाच राहील. पुढच्या रविवारी कोलीन नवऱ्याला घेऊन त्याच्याकडे जेवायला येतेय, एक वाजता. तू येशील का, हे तिने लिओला दोनदा विचारलंय. त्याने दोन्ही वेळा विषय बदलला.

त्याला फोन कर, व्हर्न. मला नंतर केलास तरी चालेल, नाही केलास तरी मला कारण ठाऊक असेल.

नॉर्मन