काठ्यांना लॅकर आणि घराला भावोजी

ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलेलं असताना तू कपडे वाळत घालायला गच्चीवर जातेस हे मला समजलं आहे. कुठून समजलं ते विचारू नकोस (तुझ्याच घरातून फितुरी झाली आहे). इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे हातपाय जागच्या जागी आहेत. हिच्या केसांची एक बट तेवढी कापावी लागली, त्याचं पुढे सांगतो. पत्रास कारण, तुझे यजमान.

फोनच केला असता, पण आमचं घर दोन खोल्यांचं आणि भावोजींचे कान कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात चमचा पडला तर बाहेरच्या खोलीतून तो कोणत्या धातूचा ते सांगतील. म्हणून ते अंघोळीला गेले की थोडं थोडं लिहितो आहे. आज तिसरी अंघोळ आहे. मधेच शाई बदललेली दिसली तर घाबरू नकोस.

पंधरा दिवसांपूर्वी तू त्यांना आमच्याकडे धाडलंस आणि बॅगेत कपड्यांच्या घडीखाली माझ्यासाठी चिठ्ठी ठेवलीस, की कारखाना बंद झाल्यापासून तीन महिने हे खुर्चीत बसून भिंतीकडे बघत असतात, 'हो', 'नको' आणि 'राहू दे' याच्यापुढे चौथा शब्द नाही, मला भीती वाटते, काहीही कर पण यांना बोलतं कर. ताई, ती चिठ्ठी मी दोनदा वाचली. अडतीस वर्षं फर्निचरला पॉलिश करणारा हा माणूस. तुझ्या लग्नाची बोलणी करायला आपल्या घरी आले तेव्हा मुलीकडे बघायचं सोडून टेबलाखाली वाकले होते आणि 'हे ज्याने रंगवलं त्याला पुन्हा घरात घेऊ नका' असं आपल्या बाबांना म्हणाले होते (टेबल बाबांनीच रंगवलं होतं). असा माणूस गप्प बसतो म्हणजे काय?

पण खरंच गप्प होते गं. पहिल्या दिवशी हिने विचारलं, चहा घेणार का? हो. साखर? राहू दे. मी पेपर पुढे केला. नको. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर मुद्दाम भांडण काढलं, की निदान मध्ये पडतील. पडले नाहीत. उलट आमचंच भांडण खरं होत गेलं आणि आपल्या आईने हिला सोळा वर्षांपूर्वी काय म्हटलं होतं तिथपर्यंत पोचलं. तिसऱ्या दिवशी ही दिवसभराचे शब्द मोजत बसली. अकरा भरले, त्यातले दोन झोपेत. संध्याकाळी ही स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. मला म्हणाली, अहो, हा माणूस आपल्या हातातून चाललाय.

चौथ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो. माझी काठी तू पाहिली आहेस, तीच ती, उंच खिडक्या धुवायची. फायबरच्या पाच नळ्या, एकीच्या पोटात दुसरी, अशा ओढल्या की सहा मीटर आणि आत सारल्या की दीड. टोकाला ब्रश लावायचा आणि जमिनीवर उभं राहून वरच्या मजल्याच्या काचा धुवायच्या. शिडी नको, पडायला नको. फक्त एक खोड आहे. वापरून वापरून वरचं लॅकर उडतं, आतले काचेचे धागे उघडे पडतात आणि त्यांची बारीक कुसळं हातात घुसतात. तर मी काठी उचलली आणि 'आई गं' म्हणून खाली टाकली. तळहात कुसळांनी भरला. भावोजींनी भिंतीवरची नजर काढून काठीकडे वळवली. मग उठले (उठले, ताई), काठी हातात घेतली, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवली, तिच्यावरून अंगठ्याचं नख ओढलं आणि म्हणाले, "ही काठी आहे की साळिंदर? पोटापाण्याची वस्तू अशी ठेवतात?" ही दारात उभी राहून बोटं मोजत होती. नऊ शब्द, एका दमात.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी तरी पाहुणचार म्हणणार नाही. मला दुकानात पिटाळून पारदर्शक लॅकर, थिनर, तीन नंबरांचे पॉलिश पेपर आणि मऊ केसांचे दोन ब्रश आणवले. ब्रश बघून तोंड वाकडं केलं आणि मला परत पाठवलं. दुसऱ्यांदाही परत पाठवलं. तिसऱ्यांदा दुकानदाराने मला खुर्ची दिली. काठी खोलून पाचही नळ्या साबणाने धुतल्या, पाण्याखाली धरून हलक्या हाताने घासल्या आणि आमच्या घरात दोऱ्यांना टांगल्या. मग फर्मान निघालं. लॅकर ओलं असेतो धूळ उडता कामा नये. पंखा बंद. झाडू बंद. चादर झटकणं बंद. खिडक्या जेवढ्या म्हणतील तेवढ्याच उघडायच्या. शिंक आली तर जिन्यात जायचं. (मला थिनरच्या वासाने शिंका येतात. दोन दिवस मी जिन्यातच होतो. शेजारपाजारच्यांना वाटलं, हिने मला घराबाहेर काढलं.) आम्ही घरात वाकून चालायचो. त्यातच एकदा ही दुधाच्या मागे धावली, तिची बट ओल्या नळीला चिकटली, आणि भावोजी कात्री घेऊन आले. हिला वाटलं दोरी कापतील. त्यांनी बट कापली. म्हणाले, केस पुन्हा येतात, लॅकरचा हा हात पुन्हा असा बसायचा नाही. हिने मला रागाने सांगितलं आणि सांगता सांगता हसायला लागली.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं माझ्या अंगावर येतं, म्हणून थोडक्यात लिहितो. भावोजींचं म्हणणं, लॅकरचे हात पातळ हवेत, दोनच, आणि मधल्या नळ्यांना तर नुसता पुसल्यासारखा, नाहीतर एकीच्या पोटात दुसरी जायची नाही. मला वाटलं, एवढा खर्च केलाय तर भरपूर लावू. ते अंघोळीला गेले तेव्हा मी मधल्या तिन्ही नळ्यांना आणखी एक भरघोस हात मारला. वरून सुकल्यासारखं वाटलं म्हणून काठी जोडली, एक टोक खिडकीबाहेर काढून जोर लावत पूर्ण लांब केली, आणि कौतुकाने बघत राहिलो. आत सारायला गेलो तर सरकेना. सकाळपर्यंत लॅकर असं कडक झालं की पाचही नळ्यांची मिळून एकच काठी झाली. सहा मीटर. आमचं घर पुढच्या खिडकीपासून मागच्या भिंतीपर्यंत पाच.

आणि तो सोमवार होता. नव्या वाचनालयाच्या खिडक्या धुवायचं पहिलंच काम, तेही मोठ्या मिनतवारीने मिळालेलं. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस पुन्हा खुर्चीत जाऊन बसतो आणि मी ताईला काय तोंड दाखवू. पण त्यांनी चपला घातल्या. म्हणाले, दोरी घे. काठी आम्ही खिडकीतून दोरीने सोडली. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्यांनी मशीन थांबवून मधल्यामध्ये तिला हात दिला आणि वर बघून 'काय चमकतेय हो' म्हणाल्या. भावोजींनी कॉलर नीट केली.

मग रस्त्याने आमची वरात. पुढे मी, मागे ते, मधे सहा मीटर. मी कोपऱ्यावर वळलो तरी ते मागच्या रस्त्यालाच असायचे, त्यामुळे 'डावीकडे' म्हणून ओरडावं लागायचं. वाचनालयापाशी खरी मजा. दुसऱ्या मजल्याच्या काचा झकास झाल्या. पण पहिल्या मजल्याच्या काचा सहा मीटरच्या काठीने धुवायच्या तर मला थेट समोरच्या फुटपाथवर जाऊन उभं राहावं लागलं, आणि काठी रस्त्यावर आडवी. भावोजी मधोमध उभे राहून लोकांना वाकवत होते. बाई, जरा मान खाली. साहेब, टोपी सांभाळा. आजोबा, तुम्ही सावकाश, आम्ही थांबतो. एका सायकलवाल्याशी तर दहा मिनिटं वाद घातला, शेवटी त्याच्या सायकलचा उडालेला रंग बघून त्यालाच सल्ला दिला. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत हा माणूस अखंड बोलत होता, ताई, आणि मी समोरच्या फुटपाथवर काच धुता धुता रडत होतो. वाचनालयाच्या बाईंना वाटलं साबण गेला डोळ्यात.

घरी आल्यावर त्यांनी बाहेरच्या नळीला गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळून, सांधा सांधा थोडा थोडा पिरगाळत, दोन तासांत काठी सोडवली. हात चालू होते तसं तोंडही चालू होतं. कारखान्याच्या शेवटच्या दिवसाचं सांगितलं. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला, पाकिटं दिली, आणि भावोजींनी नुकताच पहिला हात दिलेलं कपाट तसंच ट्रकमध्ये चढवलं. दुसरा हात राहिला होता. म्हणाले, तीन महिने डोळे मिटले की ते कपाट दिसतं, अर्धवट. हिने आपली गरम पाण्याची आणखी एक किटली आणून ठेवली.

हे झालं कौतुक. आता तक्रार. काठी झाल्यावर त्यांनी झाडूचा दांडा धरला. मग छत्रीची मूठ, स्टूल, दोन्ही दारं. काल मी झोपेतून उठलो तर पलंगाच्या पायाशी बसले होते आणि मला म्हणाले, उतरू नकोस, खालचं ओलं आहे. साडेनऊपर्यंत मी पलंगावर होतो. घराला थिनरचा वास येतो, हिला माझा वास येत नाही असं ती म्हणते (हे तिने फायदा म्हणून सांगितलं). मला उपदेश इतका झाला आहे की आता मीच 'हो', 'नको' आणि 'राहू दे' एवढंच बोलतो. तेव्हा कृपा करून तुझा गुडघा जरा जास्त दुखतो असं काहीतरी कळव आणि यांना परत बोलावून घे. मला माझं घर हवं आहे.

तुझा,
वाकून चालणारा धाकटा

ता. क. गुडघ्याचं एवढ्यात कळवू नकोस. माझ्या धंद्यातल्या दोघांनी आपल्या काठ्या आणून टाकल्या आहेत, वाचनालयाच्या बाईंनी वाचायच्या लांब टेबलांबद्दल विचारलं आहे, आणि भावोजी तिथे माप घ्यायला जाताना शीळ वाजवत होते. गुरुवारपर्यंत तरी राहू दे. खरं सांगायचं तर त्यापुढेही चालेल. घर काय, मोठंच आहे.

ता. क. दुसरा. ताई, तुझ्याशी खोटं बोलून मला चैन पडत नाही. काठी झिजली नव्हती. मागच्याच वर्षी घेतलेली, चांगली गुळगुळीत होती. तिसऱ्या दिवशी ही डोळे पुसताना दिसली तेव्हा मी काठी गच्चीवर नेली आणि दुकानातून आणलेला सगळ्यात भरड पॉलिश पेपर गुंडाळून ती धागे वर येईतो खरवडली. खरवडताना माझंच काळीज चरचरत होतं. कुसळं तेवढी खरी, अजून दोन हातात आहेत. हे फक्त हिला आणि तुला माहीत. भावोजींना मरेपर्यंत कळता कामा नये, त्यांना फार लागेल.

ता. क. तिसरा. ते थिनर आणायला निघालेत, पत्र त्यांच्याच हाती टाकायला देतो. डिंक सापडत नाही (त्यांनी कशाला तरी लावला), म्हणून पाकीट नुसतं दुमडलं आहे. काळजी नको. दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतले ते नाहीत.

हे मी लिहितोय. दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही, पण पोस्टात रांग मोठी होती. काठीचं मला त्याच सकाळी कळलं होतं. नळ्या सरकून झिजल्या तर ओरखडे उभे पडतात. तुझ्या भावाने कागद गुंडाळून गरागरा फिरवला, सगळे ओरखडे आडवे. कामही पुरतं अडाण्यासारखं केलं. उजेडात धरली आणि मनात आलं, ज्याच्यावर पोट आहे ती वस्तू हा पोरगा माझ्यासाठी खरवडतो, तर मला उठायला हवं. मला कळलंय हे त्याला सांगू नकोस, त्याला फार लागेल.

टेबलं वीस दिवसांनी करायची आहेत, तोवर घरी येतो. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने. स्टेशनवर येऊ नकोस असं लिहिणार होतो. पण ये. तीन महिन्यांचं साठलंय, घरी पोचेपर्यंत दम धरवणार नाही.